दुकानाच्या नावाची काठी

६ मे २००७, रविवार

अण्णा बोलले! आपणहून!

डोनाउ नदीच्या काठावर त्यांना फिरायला नेलं होतं. मी नेहमीसारखी एकटीच बडबडत होते. एक माणूस गळ टाकून बसला होता. अण्णा थांबले, त्याच्या हाताकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काठी जड आहे त्याची. टोकाला जीव नाही."

बस्स. पुढे घरापर्यंत एक शब्द नाही. पण जानेवारीत आई, माझ्या सासूबाई, गेल्या, तेव्हापासून माझ्या सासऱ्यांच्या तोंडून मी "हो", "नको" आणि "तिकीट कधीचं आहे?" एवढंच ऐकलंय. आज दोन अख्खी वाक्यं!

श्रीरंगला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अण्णा आणि मासेमारी? मी तर कधी पाहिलं नाही बाबा. पण माझ्या जन्माआधी आई-अण्णा मालवणला होते, घर खाडीला लागूनच. तेव्हा करत असतील."

करत असणारच. नाहीतर काठीच्या टोकाचा जीव लांबून कुणाला दिसतो?

८ मे, मंगळवार

अण्णांचं वजन ५१. आले तेव्हा ५४ होतं. दोन घास भात, ताक, की उठले. आज पुन्हा श्रीरंगला विचारलं, परतीचं आधीचं तिकीट मिळेल का. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीच रमले तर पाठवू या." कुठे पाठवू या? ठाण्याच्या त्या बंद फ्लॅटमध्ये, एकट्यांना? तिथे ते महिनाभरही काढणार नाहीत. हे त्यालाही कळतं आणि मलाही.

आणि मला आतून टोचणारी गोष्ट वेगळीच. लग्नाच्या वेळी मी एकच अट घातली होती — माझ्या स्वयंपाकघरात मासे शिजणार नाहीत. पुण्याचं शाकाहारी घर, वासानंच पोटात ढवळायचं. बारा वर्षं ती अट पाळली गेली. आई इथे येऊन राहिल्या तेव्हाही एकदा तोंड वाकडं केलं नाही. आता अण्णा. मालवणचा माणूस, माझ्याकडे मुगाच्या खिचडीवर बसलाय.

ठरलं. अट राहू दे अटीच्या जागी. अण्णांना मासे धरायला न्यायचं.

१० मे, गुरुवार

राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, दीड तास. या देशात पाण्यात गळ टाकायलाही परीक्षा! कोर्स, प्रश्नपत्रिका, सगळं. पण परदेशी पाहुण्याला तीन महिन्यांचा परवाना परीक्षेशिवाय मिळतो. अण्णांचा पासबिल्ड लावला. फोटोत ते कुणावर तरी रागावल्यासारखे दिसतात. मग गावाबाहेरच्या तळ्याचा वेगळा परवाना, तो मासेमारीच्या क्लबचा. सोबत नियमांची चार पानं. कुठला मासा किती सेंटीमीटरचा, कुठला कधी बंद — ते सगळं मी अण्णांना वाचून दाखवलं. शेवटची दोन पानं नुसती चाळली.

अण्णा म्हणाले, "गरवायला एवढे कागद?"

गळ टाकून मासे धरायचे म्हणजे गरवायचं. नवीन शब्द मिळाला.

११ मे, शुक्रवार

दिवसभर इंटरनेटवर. श्रीरंग म्हणतो, तू पुन्हा नोकरीला लागलीस! खरंच तसं वाटतंय. पुण्यात सात वर्षं क्वालिटीत काढली, सुटे भाग हातात घेऊन दोष शोधले. इथे आल्यापासून त्या हातांना काम नव्हतं. आता तक्ता केलाय — लांबी, वजन, किती ग्रॅमचं आमिष फेकता येतं, रिळात बेअरिंग किती. इथे तळ्यात बार्श मिळतो, पाठीवर काळे पट्टे असलेला. त्याला हलकी, दोन मीटर चाळीसची काठी पुरते म्हणे.

नामांकित काठ्यांच्या किमती बघून पाचावर धारण बसली. दुकानं स्वतःच्या नावानं स्वस्त काठ्या विकतात, हाउसमार्के. अर्धे लोक लिहितात, कचरा. अर्धे लिहितात, फॅक्टरी तीच, फक्त चिकटपट्टी वेगळी. गेनाऊ, अगदी बरोबर! हे मला कुणी सांगायला नको. आमच्या कंपनीतून एकच पार्ट तीन नावांनी जायचा. उद्या स्वतः बघणार.

१२ मे, शनिवार

काय दिवस! हात दुखतायत तरी सगळं लिहिणार आहे.

दुकान म्हणजे भिंतभर काठ्या. छतापर्यंत. शेकडो! मी दारातच उभी राहिले. एवढ्याशा माशासाठी माणसानं केवढं डोकं चालवलंय. दुकानदार हेर ब्रांडल, सत्तरीचे, मिशा पिवळट. मी तक्ता काढला तर ते म्हणाले, "आल्झो, फ्राउ इंजिनिअर!" पण थट्टा मनापासून नव्हती, कारण लगेच सात-आठ काठ्या काउंटरवर मांडल्या.

मी माझ्या पद्धतीनं गेले. काठी जोडली, डोळ्याजवळ धरली, दोरा ओवायच्या कड्या एका रेषेत आहेत का पाहिलं. सगळ्यांत महाग काठीची तिसरी कडी तिरकी निघाली! नाव मोठं, लक्षण खोटं. हेर ब्रांडल यांनी चष्मा लावून पाहिलं आणि ती गुपचूप मागे ठेवली. मग रीळ. नऊ बेअरिंगचं एक चकचकीत होतं, फिरवलं तर आत बारीक खरखर. दुकानाच्या नावाचं चार बेअरिंगचं लोण्यासारखं फिरलं. बेअरिंग मोजून काही होत नाही, ती बसवलीत कशी ते बघायचं. हेर ब्रांडल मान डोलवत राहिले. मला मेलीला केवढा आनंद झाला!

पण खरी गोष्ट पुढे. अण्णा तोपर्यंत मागे हात बांधून उभे होते. अचानक पुढे आले. एक काठी उचलली, एका बोटावर आडवी तोलली, ठेवली. दुसरी. तिसरी. मग मला म्हणाले, "वसुधा, टोकाला टिचकी मार. हळू. नखानं." स्वतः डोळे मिटले. मी टिचकी मारत गेले, ते प्रत्येकीला "नाही" म्हणत गेले. चार काठ्या नाही. पाचवीला टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा बदलला. कसा ते नीट सांगता येत नाही. कुणीतरी हाक मारल्यावर होतो तसा.

"ही बरी आसा," म्हणाले. मालवणीत! माझ्याशी ते मालवणीत कधीच बोलत नाहीत.

दुकानाच्या नावाची होती. गेल्या वर्षीचं मॉडेल, हिरवट, कोपऱ्यातल्या पिंपातली, चोवीस युरो नव्वद. हेर ब्रांडल यांनी ती हातात घेतली, स्वतः टिचकी मारली, आणि मला म्हणाले, "याच मालातली एक माझ्या घरी आहे. बाकीच्या मी विकतो." मग अण्णांपुढे हात केला. दोन म्हातारे कितीतरी वेळ हात हातात घेऊन उभे, भाषेचा एक शब्द समान नाही. मी मध्ये दुभाष्या, आणि दुभाष्याला कामच नाही. माझे डोळे भरून आले, उगाच आमिषांची पाकिटं बघत बसले.

१३ मे, रविवार

तळ्यावर पहिला दिवस. अण्णांची फेक अगदीच वाईट! आमिष दोनदा झाडात, एकदा माझ्या ओढणीत. त्यांना रीळ नवीन, असं मी धरून चालले. पण आमिष पाण्यात पडलं की मग बघावं. बोट दोऱ्यावर, मान खाली, श्वासही हळू. दोन तास तसेच. मासा नाही.

घरी येऊन पूर्ण पोळी खाल्ली.

२० मे, रविवार

काय करून बसलो आम्ही!

साडेदहाला मासा लागला. काठी कमानीसारखी वाकली, रीळ कर्र करत सुटलं, मी किंचाळले. अण्णा मात्र शांत. ओढू दिलं, गुंडाळलं, पुन्हा ओढू दिलं. चोवीस रुपड्यांच्या — युरोच्या — काठीनं एकदाही कुरकुर केली नाही. आणि मग तो पाण्यातून वर आला. बार्श! हिरवं अंग, काळे पट्टे, पर शेंदरासारखे लाल. इतकं सुंदर जिवंत काही मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. बारा वर्षं ज्याला नाक मुरडलं, तो हा!

अण्णांनी हात ओला केला, तोंडातली गरी अलगद काढली, मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात सोडला आणि ओला हात भक्तीनं कपाळाला लावला. "पहिला पाण्याचा," म्हणाले. मला तर बरंच वाटलं, जीव वाचला.

तेवढ्यात मागून आवाज. क्लबचा देखरेख करणारा माणूस. सगळं पाहिलं होतं त्यानं. मापात बसणारा मासा सोडला, जे इथे चालत नाही! शेवटच्या दोन पानांवर तेच होतं म्हणे, मी चाळलेल्या. त्यानं अण्णांचं क्लबचं कार्ड काढून घेतलं. मंगळवारी अध्यक्षांना भेटा.

अण्णांनी काठी स्वतः पुसली, पिशवीत घातली. जेवले नाहीत. "तिकिटाचं बघ," एवढंच श्रीरंगला म्हणाले. चूक माझी आणि शिक्षा त्यांना.

२२ मे, मंगळवार

अध्यक्ष कोण? हेर ब्रांडल! पण आज हसले नाहीत.

मी म्हटलं, सोडून देणं ही आमच्याकडे दया. ते म्हणाले, "इथे उलट. खायचा नसेल तर त्याच्या तोंडात हूक का अडकवला? करमणुकीसाठी? मासा खेळणं नाही. गळ टाकायचा तर जेवणासाठी, आणि धरला तर लगेच संपवायचा, त्याला वाट बघायला लावायचं नाही." जन्मभर शाकाहारी राहून असा विचार मला शिवला नव्हता. मी दया म्हणत होते ती मला बरं वाटावं म्हणून होती. माशाच्या बाजूनं विचार त्या मांसाहारी म्हाताऱ्यानंच केला होता.

मग त्यांनी विचारलं, का सोडला? मी अण्णांचं भाषांतर केलं — "पहिला मासा पाण्याला द्यायचा. आपण नंतर घ्यायचं. आधी द्यायचं." हेर ब्रांडल मिशीवरून हात फिरवत बसले. शेवटी कार्ड टेबलावरून पुढे सरकवलं. "नियम नियमच. पण पहिला होऊन गेला. दुसऱ्याला मी सोबत येतो. आणि तो खाल्ला जाईल, हे मला आत्ता सांगा. शिजवणार कोण?"

ते मी सांगताच अण्णा माझ्याकडे न बघता मान हलवायला लागले. नको, नको.

मी म्हटलं, "इष." मग अण्णांकडे वळून मराठीत, "मी."

२७ मे, रविवार

लागला! एकतीस सेंटीमीटर. हेर ब्रांडल यांनी एका क्षणात संपवला, टोपी काढून. मी पाहिलं. नजर वळवली नाही.

घरी आणला. माझ्या ओट्यावर मासा! अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सांगत गेले — खवलं शेपटाकडून काढ, पोट इथून, आता मीठ-हळद. तिरफळं कुठली मिळायला, कोकमाच्या आगळाची बाटली होती. डब्यातला नारळ वाटला. लेक ऊर्जा दारात उभी राहून "काइन फिश, बिटे", मासा नको, म्हणत नाक धरून होती, आठ वर्षांची अगदी मी! पोटात ढवळलं, पण एवढं नाही जेवढं मला बारा वर्षं वाटत होतं.

अण्णांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, चुकलं काहीतरी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते भात कालवत होते. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. तिसऱ्यांदाही! श्रीरंग उठून बाल्कनीत गेला.

मी नाही खाल्ला. रस्सा बोटानं चाखला फक्त.

२९ मे, मंगळवार

वजन ५२. तिकिटाचा विषय नाही.

३ जून, रविवार

आज तळ्यावर मी म्हटलं, "अण्णा, मालवणला तुम्ही किती वर्षं गरवत होतात?" त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "मी? मी कधी गरी हातात धरली नाही गो. ती गरवायची. मी शेजारी बसून पेपर वाचायचो. टोकाला टिचकी मारून बघायची ती, पहिला सोडायची ती. मी नुसतं तिचं बघून करतोय."

आई. माझ्या सासूबाई.

दोनदा इथे येऊन राहिल्या, तीन-तीन महिने. रोज माझ्याबरोबर डोनाउवर फिरायच्या. गळ टाकणाऱ्या माणसांपाशी थांबायच्या, बराच वेळ. मी म्हणायचे, चला आई. मला वाटायचं, पाय दुखत असतील.