मोटारीची दाढदुखी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी सवयीनं लिहीत नाही. गेले चौदा महिने मोटारीखाली रोज साष्टांगच घालतो आहे, फक्त उताणा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघंही खुशाल. आणि दादा, मोटार चालू झाली!

पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या बहिणीनं फोनवर जे सांगितलं असेल ते एकतर्फी आहे. साठ वर्षांपूर्वीची ही मोटार मी परदेशातून जहाजानं मागवली ती फोटो बघून. फोटोत नुसती झळकत होती. पेटारा उघडल्यावर कळलं, की फोटो उजव्या बाजूचा होता. डाव्या बाजूला मडगार्ड नव्हतं, दरवाजा दोरीनं बांधलेला होता आणि मागच्या सीटमध्ये परदेशी उंदरांच्या कैक पिढ्या सुखानं नांदून गेल्या होत्या. सोबतचं माहितीपुस्तक अशा भाषेत, की मी फक्त चित्रं वाचली. तुमची बहीण शेडच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "काढून टाकायची का?" (दातांच्या डॉक्टरांना दुसरं काही सुचत नाही.)

मी जन्मभर कचेरीत नकाशे काढलेले. शिस्त अंगात मुरलेली. इंजिन सोडवताना प्रत्येक तुकड्याला नंबराची चिठ्ठी बांधली. चारशे बारा चिठ्ठ्या, झकास मार्करनं लिहिलेल्या! मग तुकडे स्वच्छ व्हावेत म्हणून ते चिठ्ठ्यांसकट रॉकेलच्या बादल्यांत बुडवले. दोन तासांनी बाहेर काढले तेव्हा तुकडे लख्ख आणि चिठ्ठ्याही लख्ख. पुढचे सात महिने ते सगळं जेवणाच्या टेबलावर पसरून मी जुळवत होतो आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. शेवटी बसलं एकदाचं. (तीन स्क्रू उरले. वाच्यता नको.) किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि जे गप्प झालं ते झालंच.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बोनेटमध्ये डोकं घातलं, बराच वेळ कान लावला, टोपी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, आता तिला त्रास देऊ नका." भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगितलं. मीच सांगितलं, तुमच्या बहिणीनं नाही. माझी उमेद संपली होती, दादा.

शुक्रवारी दुपारी ती दवाखान्यातून आली तेव्हा मी शेडमध्ये मांडीवर कार्ब्युरेटर घेऊन बसलो होतो. (यात पेट्रोल आणि हवा मिसळते. मूठभर वस्तू, पण हीच रुसते.) डोळ्यांत पाणी होतं ते पेट्रोलच्या वाफेमुळे, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिनं स्टूल ओढलं आणि घाबरलेल्या पेशंटशी बोलते त्या आवाजात विचारलं, "नेमकं कुठं दुखतंय?"

मी कार्ब्युरेटर पुढे केला. ती आत जाऊन पेटी घेऊन आली, कपाळावर दिवा बांधला, डोळ्याला भिंग लावलं.

"अहो, ही बारीक भोकं साफ केली होती का?"

"तिन्ही केली. तारेनं."

"चार आहेत. चौथं पार किडलंय."

मग केसासारखी बारीक सुई घालून तिनं ते कोरलं. कोरताना त्या लोखंडाला सवयीनं दोनदा "आ कर" म्हणाली, आणि शेवटी पेट्रोलची चूळ भरायला लावली. कार्ब्युरेटर बसवला, किल्ली फिरवली, आणि दादा, असा धूर, असा आवाज! आम्ही दोघं बेंबीच्या देठापासून ओरडलो. तीस वर्षांत आम्ही एवढं एकत्र ओरडलो नव्हतो. (एकमेकांवर ओरडलो असू.)

शनिवारी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मागच्या सीटवर बसवून एक चक्कर मारून आणली. मांडीवर वजनकाटा घेऊन तो असा ऐटीत बसला होता, की मोटार त्याचीच वाटावी. कोपऱ्यावर मिस्त्रींनी पुन्हा टोपी काढली, पण या वेळी हवेत फिरवायला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
काळ्या नखांचा मेव्हणा

ता. क. – आता कामाचं. चक्कर मारून आणली म्हणजे तुमच्या बहिणीनं. किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात असते आणि एप्रन दवाखान्यात. तुम्ही थोरले भाऊ, तुमचा शब्द ती मोडत नाही. आठवड्यातून एक दिवस मला चालवू द्यावी, असं दोन ओळींत तिला कळवा. मी सांगितलं म्हणू नका.

ता. क. २ – दादा, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतं. रविवारी यांना चालवायला दिली होती. परदेशी मोटार, चाक डाव्या बाजूला, गिअर उजव्या हाताला. पण यांचा हात सवयीनं डावीकडेच जातो, आणि तिथे दरवाजाचं हँडल आहे. कोपऱ्यापर्यंत तीनदा दरवाजा उघडला. तिसऱ्यांदा हे रस्त्यावर आणि मोटार पुढे. मी शेजारून हँडब्रेक ओढला. मागे वळून पाहिलं तर हे रस्त्यात बसून पोट धरून हसत होते. मग मलाही आवरेना. तेव्हापासून मी चालवते, आणि हे उजवीकडे बसून डाव्या हातानं गिअर टाकतात. मी क्लच दाबून "आता" म्हणायचं, की यांनी टाकायचा. रोज संध्याकाळी तासभर असंच हिंडतो. तेव्हा पत्र लिहायचंच असेल तर यांना लिहा: दुसरा गिअर जरा हळू टाकत जा म्हणावं.