थोरलीला एकही गाणं नाही

लाडके नीतू,

आज दुपारी रुबिना आली होती. तुझी रुबिना, फेरीबोटीतली. तुमच्या त्या कार्टूनच्या प्रेमकथेचा दुसरा भाग अलिबागला लागलाय, रविवारी माझ्याबरोबर येता का, म्हणून विचारत होती. मी नुसतंच बघते म्हटलं. ती गेली आणि तुला लिहायला बसले. मला तुझ्याशी भांडायचंय. तू गेल्यापासून या घरात भांडायलाही कुणी उरलं नाही गं!

पहिला भाग तू तिच्याबरोबर पाहिलास. आगरदांड्याहून दिघीला ऑफिसला जाताना, रोज थोडा थोडा, एक इअरफोन तुझ्या कानात आणि दुसरा तिच्या. सकाळी डबा मी भरायचा, वेणी मी घालायची, आणि दुसरा इअरफोन मात्र तिला? तेव्हा हसून सोडून द्यायचे. पण आतून जळायचे, हे आज सांगून टाकते.

मला मिळायची ती नुसती गोष्ट, तीही संध्याकाळी, तू दमून आल्यावर. बेटावर दोन बहिणी. धाकटी स्वप्नाळू, होडीतून आलेल्या एका अबोल घड्याळजीच्या प्रेमात पडते. मी म्हणायचे, असला घुम्या नवरा कशाला करायचा? तू चिडायचीस. तो घुम्या नाही, अंतर्मुख आहे, चार माणसांत तो थकतो. तिला बोलल्याशिवाय काही सुचत नाही. त्याला सगळं आधी ठरवून लागतं, तिचं आपलं वारा येईल तसं. म्हणे त्यांचं भांडण प्रेमाचं नाहीच, स्वभावाचं आहे. मग मोबाईलवरच्या त्या स्वभावाच्या टेस्टमधली चार इंग्रजी अक्षरं त्याची, चार तिची. जाळ्यातली मासळी वेगळी करावी तशी तू माणसं वेगळी करायचीस. बाबांनाही सोडलं नाहीस.

मग माझी पाळी आली. आठवतं? मी अंगणात जवळा निवडत होते. हात भरलेले, म्हणून मोबाईलवरचे प्रश्न तू वाचायचे आणि मी तोंडी उत्तरं द्यायची. कामं आधी ठरवून करतेस की ऐन वेळी?

"भरती-ओहोटी बगून," मी म्हटलं.

अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का? गिऱ्हाईक असेल तर, म्हटलं. समोरच्याचं मन दुखेल म्हणून खरं सांगायचं टाळतेस का? मासळी कालची असेल तर टाळते! तू हसून हसून लोळलीस, पण उत्तरं तशीच भरलीस. बाजारात बसणारीला दुसरं काय सुचणार होतं? माझ्या अक्षरांचा अर्थ 'राखणदार' निघाला, म्हणजे सगळं जागच्या जागी सांभाळणारी. त्या बेटावरच्या थोरलीसारखी. आणि रुबिना? ती धाकटीसारखी. म्हणजे नायिका!

ती थोरली मला अजून सलते. अख्ख्या सिनेमात तिला नाव नाही, एक गाणं नाही. धाकटी घड्याळजीबरोबर निघते, तेव्हा धक्क्यावरचा दोर सोडायला तेवढी येते. मलाच का दिलीस गं ती? गेल्या हंगामात तापाने तू गेलीस. बाबांच्या होडीतून तुझ्या अस्थी खाडीत नेल्या, तेव्हा धक्क्यावर दोर मीच सोडला. त्या वेळी मला तिची आठवण आली आणि तुझा फार राग आला.

एक गोष्ट तू मला कधीच सांगितली नव्हतीस. तुझी स्वतःची अक्षरं कोणती? आज चहा देताना रुबिनाला विचारलं. तिला ठाऊक असणारच, याचीही चीड होतीच.

ती म्हणाली, तुमचीच. नीतूही राखणदारच निघाली होती.

मला पटेना. तू आणि राखणदार? आयुष्यात कधी चप्पल जागेवर ठेवली नाहीस! तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"खरं सांगू ताई? दर सवालाला ती म्हणायची, ताय असती तर तिनं काय केलं असतं? आणि तेच भरायची. मी बोलले पण, टेस्ट तुझी हाय का तायची? मला तुमचा लय राग यायचा."

मी कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी उभी राहून रडले. खोटं कशाला बोलू? रडतानाही हेवा वाटलाच, की हे तू माझ्यासमोर केलं नाहीस, तिच्यासमोर केलंस.

तर ऐक. रविवारी मी तिच्याबरोबर जाते. थोरलीला या खेपेला तरी एखादं गाणं दिलंय का, ते बघते. आणि ती टेस्ट पुन्हा देते, हात स्वच्छ धुऊन. या वेळी दर प्रश्नाला मी विचारीन, नीतू असती तर काय म्हणाली असती? सगळी उत्तरं मला यायची नाहीत. घरातली नीतू मला पाठ आहे, फेरीबोटीतली माहीतच नाही. जिथे अडेन तिथे रुबिनाला विचारीन. जड जाईल मला. पण विचारीन.

तुझी,
थोरली