बाबांसाठी पाच स्पीकर

२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६.४०

ही वही फक्त माझ्यासाठी आहे. ताईने उघडली असल्यास तिने इथेच मिटावी.

काल बाबांचा ॲम्प्लिफायर गेला. आधी जळका वास, मग खरखर, मग काहीच नाही. बाबा, मास्तर आणि शिंपीकाका पाच मिनिटं तसेच बसून राहिले, जणू तो परत येणार होता.

एकोणीस वर्षं हे तिघं दर रविवारी चार वाजता आमच्या पुढच्या खोलीत बसून रेकॉर्ड ऐकतात. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. संपली की भांडायचं. बाबांनी आयुष्यभर लोकांचे पियानो सुरात लावले. आता हात थरथरतो, काम बंद आहे. आठवड्यात ते फक्त रविवारी दाढी करतात.

बाबा म्हणाले, दोन बरे स्पीकर आणि एक साधा ॲम्प आणू, बास. मी म्हटलं, निवडीचं काम माझ्याकडे द्या. ताईने विचारलं, याच्याकडे का? मी म्हटलं, पियानो लावणाऱ्याच्या मुलाला कान उपजतच असतो. बाबा काही बोलले नाहीत. म्हणजे मान्य.

संकल्प: बाबांचा एकही रविवार चुकू द्यायचा नाही. आठ तारखेच्या आत सगळं तयार.

४ फेब्रुवारी, दुपारी १.१५, कारखान्यात

जेवणाच्या सुट्टीत तीन कॅटलॉग वाचले. पेन्सिलीने खुणा केल्या. एका कॅटलॉगमध्ये शुद्धलेखनाच्या नऊ चुका निघाल्या, ती कंपनी बाद.

आम्ही पाट्या बनवतो. माझी शाळा नववीत सुटली, पण मालक प्रत्येक पाटी रंगवायच्या आधी माझ्याकडे पाठवतात. सहा वर्षांत एकही चूक भिंतीवर गेलेली नाही. अशा माणसाला स्पीकर निवडणं जड जाऊ नये.

वहीच्या शेवटच्या पानावर आवाजासाठीचे शब्द उतरवून घेतले. खुललेला, आखडलेला, उबदार, कोरडा, भरीव, मोकळा, वगैरे. एकूण सतरा. पाठ झाले.

आणि एक निर्णय. दोन स्पीकर ही जुनी कल्पना आहे. खऱ्या संगीतप्रेमीला आजकाल पूर्ण होम थिएटर लागतं. पाच स्पीकर, खर्जासाठी वेगळा डबा आणि मोठा टीव्ही, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटंही दिसतात. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं बोटंच बघितली, आता ऐकू दे. गमतीत म्हणाले असावेत.

७ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी ६

दुकानात जाऊन आलो. निवड झाली. बाकीचं लिहिण्यासारखं काही नाही.

६.२०

लिहितो. वही खोटी असू नये.

विक्रेता चष्मेवाला, सभ्य माणूस. त्याने दोन जोड्या लावल्या, ए आणि बी. तेच व्हायोलिन आलटून पालटून पाच वेळा ऐकवलं आणि काय वाटतं विचारलं. मी म्हटलं, ए आखडलेला आहे. बी खुललेला. बीमध्ये लाकडाची ऊब जाणवते, एमध्ये वादक जणू घाईत आहे. साधारण दहा मिनिटं बोललो. एक बाई वॉशिंग मशीन बघायला आल्या होत्या, त्याही थांबून ऐकू लागल्या. सतरापैकी चौदा शब्द वापरून झाले होते.

मग चष्मेवाला खाली वाकला, मागे बघितलं आणि म्हणाला, माफ करा साहेब, बीच्या बटणाची वायरही चुकून एलाच लागली होती. पाचही वेळा ए वाजत होता.

बाई पुन्हा वॉशिंग मशीनकडे वळल्या. चष्मेवाला म्हणाला, होतं असं, पुष्कळांचं होतं. तो असं म्हणाला नसता तर बरं झालं असतं.

मला लाज वाटली असं नाही. कान गरम झाले, पण दुकानात हवा खेळत नव्हती. शिवाय गेले तीन दिवस मला सर्दीसारखं वाटत आहे.

त्याने मग बी खरोखर जोडून दाखवला. मी ऐकला. बराच वेळ मान हलवली. शेवटी बी घेतला, दोन्हींत महाग. एवढं बोलून झाल्यावर ए घेणं शोभलं नसतं.

८ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ७

सामान आलं नाही. दुकानवाल्यांची दिरंगाई, माझी नव्हे.

तिघं बसले होते. मास्तरांनी एका रेकॉर्डचं कव्हर मोठ्याने वाचून दाखवलं. भांडण झालं नाही. शिंपीकाका पाच वाजता उठून गेले. बाबा म्हणाले, एखादा रविवार असा जायचाच. मला उद्देशून नव्हतं बहुतेक.

१४ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी ५.३०

सगळं बसवलं. एकट्याने. नऊ तास.

खोली दहा बाय बारा. पुस्तिकेत लिहिलं आहे की मागचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या मागे हवेत. ऐकणाऱ्याच्या मागे बाबांचा पलंग होता, तो आडवा केला. आता कपाट अर्धंच उघडतं. शर्ट एकेक बाही करून काढावा लागतो, पण निघतो. टीव्हीमागे खिडकी अर्धी झाकली गेली. बाबांची खुर्ची खिडकीपाशी असायची, ती मापाची टेप लावून खोलीच्या बरोबर मध्यावर आणली आणि चारही पायांखाली जमिनीवर खुणा चिकटवल्या. ताईने विचारलं, बाबांच्या कपाळावर पण एक चिकटवतोस का? दुर्लक्ष केलं.

वायरींचं काम विशेष सुबक झालं. प्रत्येक वायरीत दोन तारा असतात. दोन्ही सारख्याच, फक्त एकीवर बारीक लाल रेघ. पाच स्पीकरच्या पाच रेघा इकडून तिकडे वळलेल्या, फार गबाळं दिसत होतं. सगळ्या तारांवर पांढरी नळी चढवली. रेघा दिसेनाशा झाल्या. मग प्रत्येक टोकाला कारखान्यातून छापून आणलेली लेबलं लावली. डावा अधिक, डावा उणे, उजवा अधिक, उजवा उणे, याप्रमाणे. पट्टी धरून, एका रेषेत. मालकांनी बघितलं असतं तर पगार वाढवला असता.

नळ्या चढवून झाल्यावर कुठली तार कुठली, याचा एकदा किंचित संशय आला होता. पण लेबलं लागल्यावर गेला.

१५ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ७

उद्घाटन झालं. यशस्वी.

आधी मी थोडक्यात माहिती सांगितली. (अकरा मिनिटं.) मग बाबांनी त्यांची आवडती गाण्याची रेकॉर्ड लावली. पहिल्याच ओळीला त्यांनी मान तिरकी केली, उजव्या स्पीकरकडे बघितलं, डाव्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. शिंपीकाकांनी दोनदा मागे वळून पाहिलं, कोणी आलंय का म्हणून. मास्तरांनी नियम मोडून विचारलं, बाई आज शेजारच्या खोलीतून गातायत का? मी समजावलं की हाच सराउंड. आवाज एका जागी उभा राहत नाही, खुलतो. ते बरं म्हणाले.

रेकॉर्ड संपली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, संगीत वाजूनही भांडण झालं नाही. तृप्त झाले असावेत.

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, वायरी एकदा तपासल्यास ना? मी टॉर्च लावून लेबलं दाखवली. बाबांनी वाकून सगळी वाचली. म्हणाले, छान छापली आहेत.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६

मास्तरांचा गुडघा धरला. शिंपीकाकांकडे कामाची गर्दी. बाबा म्हणाले, मग मीही जरा फिरून येतो.

मी एकटा मधल्या खुर्चीत बसून दोन तास ऐकलं. भरीव. मोकळा.

१ मार्च, रविवार, सायंकाळी ५

गुडघा तसाच. गर्दी तशीच. बाबा साडेतीनला दाढी करून फिरायला गेले. या वयात चालणं चांगलंच.

मास्तर काल भाजीच्या दुकानाचा जिना चढताना दिसले. बऱ्यापैकी वेगात.

ताईला म्हटलं, एवढी सोय केली आणि कोणी फिरकत नाही, लोकांना कदर नाही. ती म्हणाली, शहाण्या, तू खरंच बाबांचा मुलगा आहेस का? मी म्हटलं, स्पष्ट बोल. म्हणाली, बाबांना शब्द दिलाय, बोलणार नाही.

ताईला गूढ बोलायची हौस आहे. औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचून होत असेल.

८ मार्च, रविवार, संध्याकाळी ५.१०

शिंपीकाकांनी नवी पाटी सांगितली आहे. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून मालक म्हणाले, आजच माप घेऊन ये, गिऱ्हाइकांची अडचण नको.

गेलो. शटर अर्धं खाली होतं. आतून गाणं येत होतं, एखाद्या लहानशा टेपरेकॉर्डरचं असावं. मी मापाची टेप काढून चौकटीची रुंदी धरली, तेवढ्यात गाणं संपलं आणि आत जोरात भांडण सुरू झालं. तिसऱ्या अंतऱ्याला तिने श्वास घेतला की चोरला, यावरून. सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा. टेबलावर हात आपटत होते. पाच आठवड्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

मी खाली वाकून आवाज देणार होतो. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "किती दिवस असं लपत बसायचं आपण? पोराला सांगून टाक ना, तुझी एक तार उलटी लागली आहे म्हणून. दोन मिनिटांचं काम."

बाबा म्हणाले, "सांगेन रे. पण त्याने ती लेबलं पट्टी धरून चिकटवली आहेत."

आत कॅसेट उलटल्याचा खटका झाला.

मी माप न घेता आलो. टेप बंद करताना आवाज होईल म्हणून उघडी हातात धरून कोपऱ्यापर्यंत आलो. दोन मीटर. लोक बघत होते.

५.४०

पुस्तिका, पान चौदा. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात. गायक समोर उभा राहिल्यासारखा वाटत नाही. हे पान मी वाचलेलं होतं. खाली पेन्सिलीची खूण आहे.

मला तीन आठवडे गायिका समोरच वाटत होती.

९ मार्च, सोमवार, सकाळी ७

बाबा दूध आणायला गेले असताना दुरुस्ती केली. कुठल्या बाजूची उलटी होती ते नळ्यांमुळे कळेना, म्हणून खबरदारी घेतली. डाव्या आणि उजव्या, दोन्हींच्या तारा उलट करून लावल्या. अर्धवट काम मला आवडत नाही. लेबलं नवीन.

रेकॉर्ड लावून बघितली. जमीन-अस्मानाचा फरक. खुललेला, उबदार, आणि भरीवसुद्धा.

कामावर जाताना मास्तरांना आणि शिंपीकाकांना स्वतः आमंत्रण दिलं. म्हटलं, एक तांत्रिक अडचण होती, ती दूर झाली. दोघांनी एकदम विचारलं, कुठली अडचण? फार वाईट नट आहेत दोघं. शिंपीकाकांना पाटीचं मापही विचारून घेतलं.

१५ मार्च, रविवार, संध्याकाळी ७.३०

आले. मास्तर दारातून लंगडत आले, खुर्चीपर्यंत विसरले.

या वेळी मी माहिती सांगितली नाही. बाबांनी तीच रेकॉर्ड लावली. पहिल्या ओळीला मान तिरकी झाली.

मास्तर म्हणाले, वा, अप्रतिम. शिंपीकाका म्हणाले, आता कसं! आणि मागे वळून बघितलं. दोघांनीही रेकॉर्ड चालू असताना न बोलायचा नियम मोडला होता, तोही माझ्यासाठी. मला खुर्चीसकट कपाटात जावंसं वाटलं, पण ते अर्धंच उघडतं.

बाबांनी सुई उचलली. विचारलं, तारा बदलल्यास का? मी म्हटलं, हो. एका बाजूच्या की दोन्ही? मी म्हटलं, दोन्ही.

बाबा म्हणाले, मग होतं तिथेच परत आलं. एकाच बाजूच्या बदलायच्या असतात.

रागावले नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. स्पीकर नवे आहेत, अजून मोकळे व्हायचे आहेत, हे वाक्य तयार होतं.

त्याऐवजी म्हटलं, "बाबा, मला फरक कळत नाही. दुकानातही कळला नव्हता."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तू सहा वर्षांचा होतास, तेव्हापासून. मी दोन पट्ट्या वाजवून विचारायचो, कुठली वर? तू माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचास. नेहमी बरोबर यायचं."

मास्तर आणि शिंपीकाका टीव्हीकडे बघत होते. तो बंद होता.

मग बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांचा हात थरथरतो म्हणून तारा मीच सोडवल्या, ते सांगत गेले. उजव्या बाजूचं लेबल निघता निघेना, नखाने खरवडून काढलं. खुर्ची त्यांनी पुन्हा खिडकीपाशी नेली. खिडकी अर्धीच मोकळी होती, तरी नेली. बाकीचे तीन स्पीकर बंद केले. टीव्हीवर मास्तरांनी टोपी ठेवली.

रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. मी दाराशी उभा होतो. सतरा शब्दांपैकी एकही आठवला नाही. मला तर तेच गाणं ऐकू येत होतं, महिनाभर येत होतं तेच.

बाबांच्या तोंडाकडे बघितलं. आवाज चांगला आला असावा.