सातव्या महिन्यात दरीकाठी

ईडन प्रेरी,
२२ सप्टेंबर १९८४

प्रिय आई,

तुला आणि अप्पांना नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे थंडी सुरू झालीय आणि तुझे जावई आत्तापासूनच कानटोपी घालून हिंडतात.

गेल्या शनिवारी आम्ही गाडी काढून उत्तरेला गेलो, पार कॅनडाच्या हद्दीपर्यंत. तिथे एक धबधबा आहे. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे आणि मधून नदी अशी कोसळते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तू म्हणशील, सातव्या महिन्यात एवढा प्रवास? आणि दरीच्या काठाशी? मी सगळ्या पायऱ्या उतरले, चढलेही. वाटेत दोनदा कडक कॉफी प्यायले. शेजारच्या शोभाने डब्यात पोळ्यांबरोबर तिळाची चटणी दिली होती, तीही खाल्ली. शोभाला सगळं माहीत आहे. फक्त तुलाच माहीत नाही.

बाळ गेलं, आई. ऑगस्टअखेरीस, पोटातच. मुलगी होती.

फोन करायचं धाडस झालं नाही. आपल्याकडे फोन नाही; भानुदासकाकांच्या दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर तुला हे ऐकवणं मला जमेना.

प्रल्हाद एकदाही रडला नव्हता. ऑफिस, भांडी, माझी औषधं, सगळं नीट करायचा आणि त्या नीटपणाचाच मला संताप यायचा. धबधब्यापाशी मी कठड्यावरून वाकून खाली बघत राहिले. त्याने मागून माझा स्वेटर मुठीत धरला आणि कानाशी ओरडला, "मृणाल, प्लीज, मागे ये!" वळले तर तो हंबरडा फोडून रडत होता. पाण्याच्या आवाजात कोणाला काही कळलं नाही. मी नुसतं पाणी बघत होते, असं त्याला सांगितलं. तुला खरं सांगते, माझी मलाच खात्री नव्हती.

आता तो म्हणतो, "आईंना बाळंतपणासाठी काढलेलं तिकीट कॅन्सल करायला सांगू. त्या येऊन काय करणार?" मी मान डोलावली. पण आई, मला दूध आलं होतं गं. नर्सने छाती घट्ट बांधून दिली आणि घरी पाठवलं. कोणी शेक दिला नाही, डोक्याला रुमाल बांधला नाही. आठवड्याभरात मी दुकानात रांगेत उभी होते. मांडीवर मूल नाही, म्हणून मला काही झालंच नाही, असं सगळे वागतात.

तू ये. तिकीट रद्द करू नकोस.

तुझी ओली बाळंतीण,
मृणाल