अडुसष्ट जीबी कुठे गेले?

सोमवार, २ ऑक्टोबर २००६. संध्याकाळी ६.

हॅम्बर्गला येऊन चार महिने झाले आणि आज शेवटी माझ्या लायकीचं काम सापडलं. सापडलं म्हणजे मीच शोधलं. हे लोक आपणहून काही देत नाहीत.

नीट लिहून ठेवतो. कंपनीच्या डेटाबेसचे दोन सर्व्हर. बंदरात कुठला कंटेनर कुठे ठेवलाय ते सगळं पहिल्यात लिहिलं जातं, तो मास्टर. दुसरा त्याची दिवसभर जशीच्या तशी नक्कल करत बसतो, तो स्लेव्ह. सगळे रिपोर्ट स्लेव्हवरून निघतात. आता नक्कल म्हटली की दोन्ही सारखे हवेत ना? आज सहज साइझ बघितली. मास्टर १८० जीबी. स्लेव्ह ११२.

अडुसष्ट जीबी गायब! आणि ऑफिसात सगळे निवांत कॉफी पितायत.

माझी प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचे सहा महिने, ३० नोव्हेंबरला संपते. तोवर टिकलो की नोकरी पक्की, नोकरी पक्की की व्हिसा पक्का.

संकल्प: ३० नोव्हेंबरच्या आत दोन्ही आकडे सारखे करून दाखवीन. मग बघतो मला पर्मनंट कोण करत नाही ते.

मंगळवार, ३ ऑक्टोबर. सुट्टी.

जर्मनी एक झाल्याची सुट्टी. दोन देश एक झाले, यांचे दोन सर्व्हर होत नाहीत.

बायकोला सांगितलं, सुलेखाला. ती पोहे भिजवत होती. स्लेव्ह नवा आहे का, असं विचारलं तिने. म्हटलं हो, ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या येन्सने मास्टरमधला सगळा डेटा काढून नव्या मशीनवर भरला. मग तिचं म्हणणं असं की मास्टर हा जुना डबा, किती वर्षं भरतायत, उपसतायत, डबा काही लहान होत नाही. स्लेव्ह म्हणजे मापाचा नवा डबा. पोहे दोन्हींत तेवढेच असतील.

मी हसलो. डी. फार्म. झालेल्या बाईने डेटाबेसवर बोलू नये. तिने जर्मन शिकावं, तेच ती दिवसभर करतेय. ९ डिसेंबरला तिची मोठी परीक्षा. पास झाली तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तिला घेणार आहेत, मालकिणीने शब्द दिलाय. चिंचवडची चांगली नोकरी सोडून आली बिचारी. तिचा व्हिसा माझ्यावर आणि माझा या नोकरीवर. म्हणून तर एवढा झटतोय. तिला त्याचं काही नाही, पोह्यांची उदाहरणं देते.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर.

येन्स माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला विश्वासात घेतलं. म्हणाला, दोन्हीकडच्या टेबलांतल्या ओळी मोजून बघ, सारख्या निघाल्या की विषय संपला. मी त्याला स्पष्ट सांगितलं, नऊ वर्षं डेटाबेसमध्ये काढलीत, ओळी मोजायला नाही आलो मी इथे. तो या, या, म्हणजे हो, हो, म्हणत आपल्या स्क्रीनकडे वळला. मत्सर. दुसरं काही नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर. दुपारी २.

मीटिंग. आमच्या बॉस फ्राऊ आल्बर्स जर्मन इतक्या वेगात बोलतात की त्यांना स्वतःला तरी कळत असेल का देव जाणे. माझ्या बायोडेटात जर्मन भाषा: अस्खलित असं आहे. त्यात खोटं काही नाही. होणारच आहे अस्खलित, तारीख तेवढी लिहायची राहिली.

येन्स बराच वेळ बोलला. कसले तरी आकडे दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे बघितलं. फ्राऊ आल्बर्सनी मला काहीतरी विचारलं, मी ठामपणे गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणालो. मग आणखी काहीतरी विचारलं. पुन्हा गेनाऊ. त्यांनी समाधानाने लिहून घेतलं. म्हणजे अडुसष्ट जीबींचं प्रकरण अधिकृतपणे माझ्याकडे आलं!

तासाभरात मेलवर मीटिंगचा प्रोटोकॉल, म्हणजे इतिवृत्त. चार पानं, प्रत्येक मुद्द्याला नंबर. इथे कोणी शिंकलं तरी त्याचा प्रोटोकॉल निघतो. नेहमीप्रमाणे 'वाचलेले' या फोल्डरमध्ये हलवला. जो माणूस मीटिंगला जातीने हजर होता त्याने ते पुन्हा कशाला वाचायचं?

मंगळवार, १७ ऑक्टोबर.

निदान झालं. केबल! डेटा वाटेत सांडतोय. बदलून घेतली.

बुधवार, १८ ऑक्टोबर.

केबल नाही.

गुरुवार, १९ ऑक्टोबर.

खरं निदान आज झालं. जर्मन अक्षरांवरचे दोन ठिपके! मास्टर ते साठवतो, स्लेव्ह गाळतो. अडुसष्ट जीबी भरतील इतके ठिपके होतात का, याचं गणित अजून बसत नाहीये. पण दिशा बरोबर आहे.

रविवार, २९ ऑक्टोबर.

गुरुदत्तचा फोन. कॉलेजातला मित्र, नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. गेल्या वर्षी पर्मनंट झाला आणि तेव्हापासून आवाजच बदललाय त्याचा. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कुणाची तक्रार आहे का? म्हटलं नाही. एखादा रिपोर्ट चुकला का? नाही. मग तुझी अडचण काय आहे रे नक्की, असं म्हणाला.

पिस्टन मोजणाऱ्यांशी या विषयावर बोलायचं नाही. संकल्प.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर.

विजय! स्लेव्ह ११२ वरून ११५ झाला. मास्टर आहे तिथेच, १८०. याचा अर्थ माझ्या उपायांना गुण येतोय. नेमका कुठल्या उपायाला ते सांगता येणार नाही, पण येतोय. या वेगाने बावीस महिन्यांत बरोबरी होईल.

प्रोबेत्साइट बावीस महिने थांबणार नाही ही एक अडचण आहे.

सोमवार, ६ नोव्हेंबर.

मीटिंग. फ्राऊ आल्बर्सनी मला खास उद्देशून विचारलं. त्यात फेस्टप्लाटे म्हणजे हार्ड डिस्क हा शब्द होता आणि पंधरा तारीख होती. काहीतरी छान चाललंय माझ्याबद्दल. गेनाऊ म्हणालो, वर क्लार, म्हणजे अर्थातच, असंही म्हणालो. खूश झाल्या.

घरी सुलेखा म्हणाली, तुझे ते प्रोटोकॉल मला वाचायला आण ना, परीक्षेच्या आधी सराव होईल. साफ नाही म्हटलं. कंपनीचे कागद गोपनीय असतात. काही तत्त्वं पाळावी लागतात माणसाला.

मंगळवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ८.१०, बोटीत.

पाऊस. ऑफिसला जायच्या फेरीबोटीत आज येन्स भेटला. समोरून एक रिकामं मालवाहू जहाज चाललं होतं. मी विचारलं, रिकामं असून एवढं खोल कसं? म्हणाला, पोटात पाणी भरतात, नाहीतर डुगडुगेल. बॅलास्ट म्हणतात त्याला.

मी पुढचं काही ऐकलं नाही. अरे, दीडशे वर्षं हे बंदर ज्यावर चाललंय ते माझ्या सर्व्हरला का चालू नये? मास्टर भरलेलं जहाज, स्लेव्ह हलकं जहाज. पाणी भरा, दोन्ही एका पातळीवर!

शुक्रवार, २४ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.

केलं. स्लेव्हवर ६५ जीबीची एक फाइल तयार केली, आत नुसती शून्यं. नाव दिलं ballast. ११५ अधिक ६५, एकशेऐंशी! ग्राफवर दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या की बघत राहावं.

कोणी याला फसवणूक म्हणेल. म्हणो. हे संतुलन आहे. मूळ कारण पर्मनंट झाल्यावर सवडीने शोधीन, आता आकडे सारखे दिसणं महत्त्वाचं. स्लेव्हची डिस्क एकूण १८२ जीबीची आहे, म्हणजे दोन जीबी मोकळी राहिली. दोन जीबी काय कमी झाले?

ग्राफचा रंगीत प्रिंट काढून फ्राऊ आल्बर्सच्या टेबलावर ठेवला. त्या गेलेल्या होत्या. शुक्रवारी चारनंतर या देशात फक्त मी काम करतो.

येताना सुलेखासाठी केक घेतला. कशाबद्दल म्हणून तिने विचारलं. म्हटलं गुरुवारी कळेल.

सोमवार, २७ नोव्हेंबर. सकाळी ११.

स्लेव्ह शनिवारी सकाळी बंद पडला. दर शनिवारी त्याच्यावर आठवड्याचा मोठा रिपोर्ट तयार होतो आणि त्याला तात्पुरती पाच जीबी जागा लागते म्हणे. हे मला कुणीही सांगितलेलं नाही. डिस्क भरली, नक्कल थांबली. शनिवार-रविवारात बंदरात तीन जहाजं आली. त्यांतले कंटेनर मास्टरला माहीत, स्लेव्हला नाहीत. आज सकाळी रिपोर्ट बघून एकेचाळीस ट्रक भलत्याच जागी जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर फोनवर काय बोलतायत ते मला पहिल्यांदाच शब्दन् शब्द कळतंय.

म्हणजे आता दोन्ही सर्व्हरमध्ये खराखुरा फरक आहे. मी म्हणतच होतो!

येन्सला ती फाइल सापडली. ही कोणाची, त्याने विचारलं. मी म्हणालो, चौकशी चालू आहे. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. फाइलच्या शेजारी तिच्या मालकाचं नाव असतं. naphade. म्हणजे मी.

मंगळवार, २८ नोव्हेंबर. दुपारी १.

फ्राऊ आल्बर्सनी बोलावलं. आज इंग्रजीत बोलल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. समोर ९ ऑक्टोबरचा प्रोटोकॉल.

मुद्दा चार: येन्सने मास्टर आणि स्लेव्हच्या सगळ्या टेबलांतल्या ओळी मोजल्या. तंतोतंत सारख्या. जास्तीचे अडुसष्ट जीबी म्हणजे जुना डेटा पुसल्यावर मास्टरच्या फाइलमध्ये उरलेली रिकामी जागा. निरुपद्रवी. खाली एरलेडिग्ट, म्हणजे विषय मिटला. श्री. नाफडे सहमत.

मुद्दा पाच: खरी चिंता स्लेव्हच्या लहान डिस्कची. पंधरा नोव्हेंबरपर्यंत मोठी डिस्क मागवून बसवणे. जबाबदारी, नाफडे. त्यालाही मी सहमत. ६ नोव्हेंबरला पुन्हा विचारलं, पुन्हा सहमत, अर्थातच.

मी सात आठवडे ज्याच्याशी लढलो ते पहिल्याच मीटिंगमध्ये मिटलं होतं, माझ्या सहमतीने. एवढंच विचारलं त्यांनी, तुम्ही हे वाचलं नाहीत का? मी म्हणालो, प्रश्न वाचण्याचा नाही, दृष्टिकोनाचा आहे. त्यांनी मान हलवली आणि एक पाकीट पुढे केलं. नोकरी संपली. उमेदवारीत दोन आठवड्यांची नोटीस पुरते. कामावर मात्र उद्यापासूनच येऊ नका म्हणाल्या.

यांची लायकीच नाही माझ्यासारखा माणूस ठेवण्याची.

बुधवार, २९ नोव्हेंबर. सकाळी १०, बोटीत.

सुलेखाला सांगितलेलं नाही. भीती नाही वाटत, तिची परीक्षा दहा दिवसांवर आलीय म्हणून. योग्य वेळी सांगीन. नेहमीच्या वेळी निघालो, तिने केलेला जेवणाचा डबा घेतला, बोटीत बसलो. पलीकडे गेलो, परत आलो. तिकीटवाला दुसऱ्यांदा हसला तेव्हा वरच्या डेकवर जाऊन बसलो.

संकल्प: कंपनीला तीन पानी निषेधाचं पत्र. जर्मनमध्ये. कडक भाषेत. भाषा तपासायला कोणीतरी बघावं लागेल.

गुरुवार, ३० नोव्हेंबर. संध्याकाळी ५.

कंपनीने तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने घरीही पाठवलं होतं. इथे सगळं दोनदा पाठवतात. मंगळवारी दुपारी आलं. सुलेखाने सही करून घेतलं आणि वाचलं. एकही शब्द डिक्शनरीत बघावा लागला नाही म्हणाली.

मंगळवारपासून तिला माहीत होतं. काल आणि आज सकाळी तिने मला डबा भरून दिला आणि दारात उभं राहून अच्छा केलं. मी सांगेन म्हणून वाट बघत होती. मी काल संध्याकाळी तिला फ्राऊ आल्बर्स माझ्या कामावर कशा खूश आहेत ते वर्णन करून सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि आणखी भात वाढला.

म्हटलं, मी लढेन, दुसरी कंपनी बघीन, दोन आठवड्यांत अशी नोकरी... तिने माझा डबा उघडून घासायला घेतला. लाज वाटली. सहा महिने बेफिकीर कोण होतं ते आता लिहायची गरज नाही.

दुकानाच्या मालकिणीला ती कालच जाऊन सांगून आली, आता व्हिसा राहणार नाही, मला घेऊ नका म्हणून. परीक्षा मात्र देणार आहे. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, अभ्यास झालाय माझा.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच पुस्तकं काढून बसलीय. निकाल कुठे पाठवायचा त्याचा फॉर्म भरायचा राहिला होता, तो आज काढला. निकाल जानेवारीत पोस्टाने येतो. तिने पेन हातात धरून विचारलं, पत्ता कुठला लिहू?

चिंचवडचा लिही, म्हणालो.