खात्रीची लक्षणे

१२ फेब्रु. १९५७, भोपाळ
सिस्टरचा इंग्रजी पाठ मुलींसाठी हिंदीत करायचे काम माझ्याकडे आले. नर्सिंग शाळेत दुसरा कारकून आहे कुठे. विषय: गर्भारपणाची सुरुवातीची लक्षणे. पाळी चुकणे, मळमळ, छाती जड होणे, वारंवार लघवी. लिहिताना कान तापले.

१४ फेब्रु.
मुलींना निम्मा पाठ दिला. एक जण पाठ म्हणताना अडखळली, पुढचे लक्षण माझ्या तोंडून निघून गेले. "बाबूजी, इम्तिहान में आप ही बैठ जाइए!" सगळ्या हसल्या. मीही.

१६ फेब्रु.
गावच्या शाळेची सवय, मोठ्याने वाचल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. घरी मसुदा वाचत होतो, सौ.साठी मराठीत सांगत. ही सारी संशयाची लक्षणे; बाळाचे ठोके ऐकू आले म्हणजे खात्री.
सौ.च्या हातातली भांडी थांबली.
मग उमगले. महिन्याचे चार दिवस ती व्हरांड्यात बाजूला बसली की स्वयंपाक माझ्याकडे. नोव्हेंबरात नागपूर सोडून या क्वार्टरात आल्यापासून मी चूल पेटवलेलीच नाही.

२० फेब्रु.
मसुद्यातली शंका म्हणून सिस्टरला विचारले, बाई त्रेचाळिशीची असेल तर?
"तब तो ज़्यादातर महीना बंद होने की शुरुआत है, बाबूजी. वह भी लिख दो."
लिहिले. घरी वाचले नाही.

२३ फेब्रु.
"आज वाचत नाही?"
"संपला पाठ."
"मळमळ नाही मला. नुसता थकवा येतो," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली.
आमची दोन्ही बाळे पाळण्यातच गेली. त्यानंतर हा विषय घरात निघाला नव्हता. नागपूरला असतो तर वहिनींना विचारले असते. इथे कोणाला...
देवापुढे बराच वेळ बसलो. काय मागावे सुचेना. नुसते नाव घेतले.

१ मार्च
कचेरीतून आलो तो सौ. व्हरांड्यात बसलेली. बाजूलाच बसली असणार. काही न विचारता चूल पेटवायला आत गेलो.
भात झालेला होता. झाकणाखालून वाफ येत होती.
बाहेर आलो. म्हणाली, "आत कोंदटतंय हो, म्हणून बसले."
शेजारी टेकलो. अगदी खेटून. ती सरकली नाही.
"अहो, ते ठोके तुमच्या सिस्टरना ऐकता येतात?"
"येतात. उद्या जाऊ या?"
"उद्या नको. थोडे दिवस राहू दे असंच."