शिट्टी न येणाऱ्याची कुत्री

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा कंबर सांभाळून घातलेला नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तुझे गुडघे पुन्हा जिने चढायला लागले हे वाचून आनंद झाला (माझे अजून चढत नाहीत, त्यामुळे पूर्ण आनंद झाला असं म्हणवत नाही). भाऊजींचा खोकला एव्हाना थांबला असेल. माझी तब्येत ठीक. समोरचा दात पडला तिथे अजून फटच आहे. मी बाइंडिंगचं काम शिकायला लागलो तेव्हापासून तू सांगत होतीस, शिवणीचा दोरा दातानं तोडू नकोस, एक दिवस दात जाईल. गेला. आता दर पत्रात ‘दात बसवून घे’ असं लिहितेस. बघू.

लिहायचं कारण, आम्ही कुत्री पाळलीय. जात बॉर्डर कोली, म्हणजे मेंढ्या राखणारी. तिचा मालक म्हातारा मेंढपाळ. त्यानं मेंढ्या विकल्या आणि तो लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला, ही मागे उरली, ती बेवारस जनावरांच्या निवाऱ्यात आली. आम्ही गेलो तेव्हा बाकीची कुत्री भुंकून जीव टाकत होती. ही एकटी गप्प बसून माझ्याकडे बघत होती, तेही अगदी तुझ्यासारखं, म्हणजे याचं काहीतरी चुकलंय आणि ते आता मलाच निस्तरावं लागणार अशा नजरेनं. मी तिथेच पाघळलो. कोऱ्या कागदावर दौत सांडावी तशी काळीपांढरी आहे, म्हणून नाव ठेवलं शाई. निवाऱ्याच्या बाईंनी महिन्याची मुदत दिली. महिना संपला की त्या घरी येऊन बघणार, जमलेलं दिसलं तर शाई आमची, नाहीतर परत. निघताना हातात एक कागद दिला आणि म्हणाल्या, यात सगळं लिहिलंय, आधी वाचा. कागद फार छान होता. जाड, मऊ, एका बाजूनं कोरा.

घरी आणली आणि माझे हाल सुरू झाले. ये म्हटलं की ती खिडकीबाहेर बघायची. बस म्हटलं की उभी, थांब म्हटलं की बाहेर. मला वाटलं बहिरी आहे, पण स्वयंपाकघरात बिस्किटाच्या डब्याचं झाकण हललं की तीन खोल्यांपलीकडून हजर. माझं ऐकायचं नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांना मात्र मेंढ्या समजून हाकायचं. एका दुपारी दुकानात वकीलसाहेब, वाचनालयाचे ग्रंथपाल आणि शाळेच्या हेडबाई एकदम आले. पाच मिनिटांत तिघेही प्रेस आणि कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभे, आणि ही समोर पोट जमिनीला टेकवून टक लावून बसलेली. (कोपऱ्यात चौथा मी होतो. हे तुझ्या भावजयीला कळलेलं नाही, कळवू नकोस.)

आणि मग आला तो प्लंबर. मोरीचा नळ गळत होता म्हणून तुझ्या भावजयीनं बोलावला. त्याला काम करताना शिट्टी वाजवायची सवय. त्यानं एक लांब शिट्टी घातली आणि शाई दारातच खाली बसली. दोन आखूड वाजल्या, ती उठून डावीकडून वळसा घालून आली. तो हसायला लागला, आणखी चार तऱ्हेच्या वाजवून बघितल्या, आणि माझी कुत्री, जिला मी तीन आठवडे हातानं भरवत होतो, ती त्या पान्हा घेतलेल्या माणसाभोवती नाचू लागली. तो जाताना म्हणाला, शिकवतो की तुम्हाला, सोपं आहे. मी म्हणालो, गरज नाही. तुझ्या भावजयीनं त्याला चहा दिला, वर म्हणाली, किती गुणी माणूस आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मला हा शब्द मिळालेला नाही.

मी निवाऱ्याच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अहो, ती शब्द शिकलेलीच नाही, तिला फक्त शिट्ट्या कळतात, कागद वाचला नाहीत का? मी म्हणालो, वाचला की, पाठ आहे. फोन ठेवला आणि मग आठवलं. ताई, तो कागद मी हाताला लागला म्हणून एका जाड पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून लावून टाकला होता, कोरी बाजू वर. पुस्तक वाचनालयात परत गेलेलं. तिथे जाऊन तासभर शोधलं तेव्हा सापडलं, मधमाश्या कशा पाळाव्यात या विषयावरचं. ग्रंथपालांनी सोलायची परवानगी दिली (कोपऱ्यातल्या दुपारनंतर ते मला जरा वचकून असतात), पण सुटेल तर शपथ. माझी खळ आहे ती. तीस वर्षांत माझं एकही अस्तर सुटलेलं नाही. सगळ्या शिट्ट्या त्याच्या आत आहेत आणि मला पुठ्ठ्यावरून नुसता हात फिरवता येतो.

ताई, मी जळतो, सरळ लिहितो. प्लंबर पुन्हा येऊ नये म्हणून दुसरा नळ मी स्वतः दुरुस्त केला, तर मोरीत पाणी घोट्यापर्यंत चढलं आणि तो दोन दिवस मुक्कामाला असल्यासारखा राबला. शाई आता त्याच्या सायकलचा आवाज ओळखते. संध्याकाळी दाराशी बसून वाट बघते, आणि मी तिच्यामागे उभा राहून तिला वाट बघताना बघतो. काल बाईंचा फोन आला, रविवारी येते, तिला बोलवून, थांबवून, बसवून दाखवा, आणखी एका गृहस्थांचाही अर्ज आलाय. गृहस्थ कोण ते विचारलं नाही. मागे पान्ह्यांचा आवाज येत होता असं मला वाटलं. ती गेली तर मी कुणाला काही बोलणार नाही, पण दुकानात पायाशी कुणी नसताना पुस्तकं शिवणं आता जमेल असं वाटत नाही.

भाऊजींना नमस्कार. उत्तराची वाट बघतो.

तुझा धाकटा

ता. क. गुडघे चढताहेतच, तर शनिवारी ये. लहानपणी तू दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारलीस की गल्लीतली सगळी कुत्री तुझ्यामागे, आणि मी मारली की माझाच सदरा थुंकीनं भिजायचा. ते मी विसरलेलो नाही, पण आता माफ केलं. रविवारी तू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहा. मी तोंडाजवळ हात नेला की तू वाजव.

आणखी एक. तिला जवळ घेऊ नकोस, खायला देऊ नकोस, गोड बोलू नकोस. भाऊजींना आणू नकोस, जनावरं त्यांच्यावर लगेच जीव टाकतात.

(पाकिटाच्या पाठीवर)

पाकीट माझ्याच खळीनं चिकटवलंय, आता उघडायचं नाही, म्हणून बाहेर लिहितो. पोस्टमननं वाचलं तर वाचू दे. खळ वाळावी म्हणून फुंकर घालत होतो, तर दाताच्या फटीतून बारीकशी शिट्टी निघाली. शाई दाराशी प्लंबरची वाट बघत होती. तिनं मान वळवली, उठली, कपाटाला वळसा घालून आली आणि माझ्या पावलावर बसली. मी पुन्हा तीनदा फुंकलं, खात्री करून घेतली. पाऊल बधिर झालंय, पण मी हललेलो नाही. दात बसवून घे असं यापुढे लिहू नकोस. आणि शनिवारी यायची गरज नाही. आलीसच तर आनंदच आहे, पण दोन्ही हात पदरात ठेवून ये, आणि तोंड मिटून.